आभासी पाळीव प्राणी आणि विद्यार्थ्यांची प्रयत्नशीलता

प्राथमिक शाळेत अध्यापन करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवास येणारी एक गोष्ट अशी की, वर्गात मागे पडलेल्या मुलांपैकी पुष्कळशी मुले बुद्धीने मंद नसतात. त्यांनी प्रयत्न करण्याचे सोडून दिलेले असते. उदाहरण एकदा चुकते, दुसऱ्यांदा चुकते, शेजारची मुले हसतात, आणि तिसऱ्या वेळी ते मूल पाटी पुढे करीतच नाही. 'आपल्याला हे येणार नाही' असा निर्णय त्याने मनाशी करून टाकलेला असतो. सातव्या-आठव्या वर्षी केलेला हा निर्णय मोडून काढण्याचे काम पुढील इयत्तांत उत्तरोत्तर कठीण होत जाते, आणि अशा मुलांपैकी काही जण शाळाच सोडून देतात.

या दुखण्यावरचा जुना उपाय म्हणजे छडी. बालकांच्या शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने, त्यातील 17 व्या कलमान्वये, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंसही मनाई केली आहे. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी छडीचा हा उपाय निरुपयोगीच होता. भीतीने मूल जागेवर बसते, पाठांतरही करते. परंतु चुकण्याची शक्यता असलेल्या कामास ते आपण होऊन हात घालीत नाही. शिकणे म्हणजे तर अशाच कामास पुनःपुन्हा हात घालणे होय. तेव्हा प्रयत्नाची इच्छा मुलाच्या ठिकाणी उत्पन्न कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत या प्रश्नास जी निरनिराळी उत्तरे देण्यात आली त्यांपैकी एक वरवर पाहता पोरखेळासारखे वाटणारे आहे. ते म्हणजे आभासी पाळीव प्राण्याच्या संगोपनाचे.

आभासी पाळीव प्राणी म्हणजे काय?

ज्यास देह नाही, परंतु ज्यास भूक लागते, जो आनंदी व उदास होतो, आणि ज्याची निगा राखल्यास जो वाढतो असे यंत्राच्या पडद्यावरील चित्र म्हणजे आभासी पाळीव प्राणी होय. या प्रकाराचा जगभर प्रसार जपानमधून झाला. अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांच्या कल्पनेतून उतरलेले 'तामागोची' नावाचे खेळणे बांदाई या कंपनीने नोव्हेंबर 1996 मध्ये जपानात विक्रीस काढले. तळहातात मावणारे, अंड्याच्या आकाराचे हे खेळणे. त्यावर एक लहानसा पडदा व तीन बटणे. नावाच्या पूर्वार्धात अंडे या अर्थाचा जपानी शब्द असून उत्तरार्ध घड्याळाच्या इंग्रजी नावावरून घेतला आहे. पडद्यावरील अंड्यातून एक जीव बाहेर येई. त्यास खाऊ घालावे लागे, त्याच्याशी खेळावे लागे, त्याने केलेली घाण काढावी लागे, आजारी पडल्यास औषध द्यावे लागे. हयगय झाली की तो मरे.

पुढील वर्षी, म्हणजे 1997 साली, हे खेळणे अन्य देशांत गेले आणि मुलांनी त्याचा असा काही ध्यास घेतला की अनेक शाळांना ते वर्गात आणण्यास बंदी करावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेतील 'इग नोबेल' या विनोदी पारितोषिकांपैकी अर्थशास्त्राचे पारितोषिक योकोई व माइता यांना देण्यात आले. माणसांच्या कामाचे लक्षावधी तास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळविल्याबद्दल हा गौरव होता. यातील थट्टा सोडून दिली तरी शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने एक तथ्य शिल्लक उरते. कोणाचीही सक्ती नसता, कोणतेही बक्षीस नसता, मुले एका चित्रासाठी दिवसातून अनेक वेळा नेमाने काम करीत होती. हीच निष्ठा अभ्यासाकडे वळविता येईल काय, असा विचार संशोधकांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

तैवानमधील प्रयोग

या दिशेने पद्धतशीर काम तैवानमधील राष्ट्रीय मध्यवर्ती विद्यापीठात झाले. तेथील झी-होंग चेन, ताक-वाई चान आणि त्यांचे सहकारी यांनी 2007 साली 'माझा प्राणी' आणि 'आमचा प्राणी' अशा अर्थाच्या नावांचे दोन संगणकीय सोबती प्रसिद्ध केले. पहिला एकेका विद्यार्थ्याचा, दुसरा गटाचा. प्राण्याच्या स्थितीत त्याच्या पालकाच्या अभ्यासाची स्थिती दिसावी, अशी योजना होती. मुलाने काय आत्मसात केले आहे व काय राहिले आहे, याची नोंद एरवी शिक्षकाच्या वहीत असते आणि मुलास ती क्वचितच कळते. येथे तीच नोंद प्राण्याच्या रूपाने मुलाच्या डोळ्यांसमोर राहत असे. गटाच्या प्राण्यात साऱ्या गटाचा अभ्यास दिसत असल्याने एकमेकांस साहाय्य करण्यास कारण मिळे.

याच संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषय तर मुलांची प्रयत्नशीलता हाच होता. या सोबत्यास स्वतःस काही येत नाही, तो मुलास काही शिकवीत नाही. त्यास फक्त निगा हवी असते, हे त्यांनी हेतुतः ठरविले होते. प्राथमिक स्वरूपाच्या त्यांच्या चाचणीत, असा सोबती असलेल्या मुलांच्या ठिकाणी प्रयत्न करण्याची प्रवृत्ती वाढल्याचे आढळून आले.

परिणाम का होतो?

या परिणामाची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण जबाबदारीचे. लहान मूल स्वतःसाठी जे करीत नाही ते आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवासाठी करते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील कॅथरिन चेस, डॅनियल श्वार्ट्झ व त्यांचे सहकारी यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठव्या इयत्तेतील विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचा एकच पाठ संगणकावर दिला होता. काहींना सांगितले की हे तुम्ही स्वतःसाठी शिकत आहात. काहींना सांगितले की पडद्यावरील या शिष्यास तुम्ही शिकवीत आहात. साधन एकच असूनही शिष्य असलेल्या मुलांनी अभ्यासास अधिक वेळ दिला आणि ती अधिक शिकली. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, अभ्यासात मागे असलेल्या मुलांना याचा लाभ अधिक झाला. येथील चित्र पाळीव प्राण्याचे नसून शिष्याचे होते हे खरे. परंतु दुसऱ्याच्या पालकत्वाने प्रयत्न वाढतो, हे मूळ तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

दुसरे कारण स्वाभिमानाच्या रक्षणाचे. त्याच निबंधातील दुसऱ्या प्रयोगात पाचवीच्या मुलांचे बोलणे टिपून घेण्यात आले. शिष्य असलेली मुले चूक अधिक मोकळेपणाने मान्य करीत आणि ती का झाली याचा विचार करीत. अपयशाचा घाव थेट मुलाच्या मनावर न बसता मध्ये एक सोबती उभा राहतो, अशी याची उपपत्ती संशोधकांनी सुचविली आहे. 'मी ढ आहे' या विचाराची जागा 'याच्यासाठी मला आणखी काय केले पाहिजे' या विचाराने घेतली, तर मागे पडलेल्या मुलाच्या दृष्टीने तो फार मोठा बदल होय.

तिसरे कारण प्रयत्नाच्या मोजदादीचे. परीक्षेचे गुण उत्तराचे असतात. प्रयत्नाची नोंद कोठेच होत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडविल्यावर काहींच्या हुशारीची, तर काहींच्या मेहनतीची प्रशंसा करण्यात आली. नंतर कठीण कोडी देऊन अपयशाचा अनुभव दिल्यावर, हुशारीची प्रशंसा ऐकलेली मुले लवकर कंटाळली आणि त्यापुढील कामातही उणी पडली. मेहनतीची प्रशंसा ऐकलेली मुले चिकाटीने काम करीत राहिली. प्राण्याचा चारा जर बरोबर उत्तरावर न ठेवता प्रामाणिक प्रयत्नावर ठेवला, तर ही मेहनतीची प्रशंसा शब्दांवाचून रोज होत राहते.

संगणकावाचून योजना

आता ज्या शाळेत दोन शिक्षक, चार इयत्ता आणि कधी असणारी, कधी नसणारी वीज अशी स्थिती आहे, तेथे याचा उपयोग काय, असा प्रश्न उपस्थित होईल. वर सांगितलेल्या तीन कारणांपैकी एकही यंत्रावर अवलंबून नाही. प्राणी पडद्यावर असो वा पुठ्ठ्यावर, तो आभासीच असतो. शाळेत टॅब अथवा संगणक असल्यास त्याचा उपयोग अवश्य करावा. नसल्यास पुढील साहित्य पुरेसे आहे: जुन्या वह्यांचे पुठ्ठे, रंगीत खडू, दोरा आणि पायलीभर चिंचोके.

प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचा एक प्राणी पुठ्ठ्यावर काढावा. करडू, कालवड, खार, पोपट, कासव, जे त्यास आवडेल ते. त्यास नाव मुलानेच ठेवावे. निवड आणि नामकरण यांमुळे आपलेपणा उत्पन्न होतो. चित्राखाली तीन घरे आखावीत: चारा, पाणी आणि खेळ. प्रत्येक घर भरण्यास दिवसाकाठी एक चिंचोका लागतो. चिंचोका प्रयत्नाबद्दल मिळतो. कोणत्या प्रयत्नाबद्दल, हे शिक्षकांनी आठवड्याच्या आरंभी फळ्यावर स्पष्ट लिहावे. उदाहरणार्थ, चुकलेले उदाहरण स्वतः तपासून पुन्हा सोडविणे, न समजलेली गोष्ट विचारणे, वाचनाचा एक उतारा जोडीदारास ऐकविणे, काल अडलेल्या पाढ्याचा आज पुन्हा प्रयत्न करणे.

एक उदाहरण घेऊन हे स्पष्ट करता येईल. तिसरीच्या वर्गात 52 मधून 27 वजा करावयाचे आहेत. हातच्याच्या वजाबाकीत नवखे मूल पुष्कळदा लहान अंक मोठ्या अंकातून काढते. 7 मधून 2 गेले 5, 5 मधून 2 गेले 3, असे म्हणून 35 हे उत्तर लिहिते. येथे 'चूक' अशी खूण करून पाटी परत केली तर मूल काही शिकत नाही. त्यास काड्या द्याव्यात: दहा-दहांच्या 5 जुड्या व 2 सुट्या काड्या. 2 सुट्यांतून 7 काढता येत नाहीत हे त्यास हातानेच कळते. मग एक जुडी सोडली की 4 जुड्या व 12 सुट्या होतात. त्यांतून 2 जुड्या व 7 काड्या उचलल्या की 2 जुड्या व 5 काड्या, म्हणजे 25, उरतात. आपले 35 का चुकले हे मुलाने सांगितले की त्यास एक चिंचोका. त्याच रीतीचे दुसरे उदाहरण करून पाहिले की दुसरा. ज्या मुलाचे उत्तर पहिल्या फेरीतच बरोबर आले त्यास त्या उत्तराबद्दल चिंचोका नाही. त्यास अधिक कठीण उदाहरण द्यावे आणि त्याच्याशी त्याने केलेल्या झटापटीबद्दल चिंचोका द्यावा. अशा रीतीने हुशार मुलासही घाम गाळावा लागतो आणि मागे पडलेल्या मुलाचा प्राणी उपाशी राहत नाही.

यासोबत साऱ्या वर्गाचा म्हणून एक मोठा प्राणी भिंतीवर असावा. शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी प्रत्येकाने आठवड्यातील उरलेले चिंचोके वर्गाच्या प्राण्यास द्यावेत. यामुळे साठा करण्याची हाव राहत नाही, आणि आज कमी मिळविलेल्या मुलाचाही वाटा सर्वांच्या कामात पडतो.

धोके आणि त्यांचे निवारण

ही योजना निर्वेध आहे असे समजू नये. तीत पाच धोके आहेत.

(1) प्राण्याचा मृत्यू. मूळ खेळण्यात हयगय झाल्यास प्राणी मरे, आणि त्यामुळे अनेक मुले व्याकुळ होत. शाळेत हा नियम कदापि असू नये. ज्या मुलाने प्रयत्न सोडला आहे त्याच्या माथी एका मृत्यूचा दोष मारणे म्हणजे भीतीची छडी निराळ्या रूपाने परत आणणे होय. निगा न मिळाल्यास प्राणी झोपी जावा. निगा मिळताच जागा व्हावा.

(2) गैरहजेरी. ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कित्येकांना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहावे लागते. गैरहजेरी हा या मुलांचा अपराध नव्हे. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या प्राण्याचे चित्र परतलेल्या मुलास दाखविणे हे क्रौर्य ठरेल. सबब, मूल गावाबाहेर असेल तेवढे दिवस त्याचा प्राणी 'प्रवासास गेला' असे मानून तो पुठ्ठा त्याच्याबरोबर द्यावा, किंवा त्याच्या मित्राकडे सांभाळण्यास द्यावा. परत आल्यावर आपली जागा वर्गात राखून ठेवलेली आहे, हे त्या मुलास एवढ्यावरूनही कळते.

(3) उघड तुलना. कोणाचा प्राणी लठ्ठ, कोणाचा रोडका, अशी रांग भिंतीवर लावल्यास ती परीक्षेच्या निकालपत्राहून अधिक बोचणारी होईल. व्यक्तिगत प्राणी मुलाच्या वहीत अथवा दप्तरात असावा. भिंतीवर फक्त वर्गाचा.

(4) पोकळ प्रयत्न. चिंचोक्यासाठी सोपी उदाहरणे भराभर करणे, न वाचता पाने उलटणे, दुसऱ्याचे उतरविणे, हे प्रकार होणारच. त्यावर उपाय एकच: चिंचोका देण्यापूर्वी 'तू काय केलेस, कोठे अडलेस' हा प्रश्न विचारावा. शिक्षकास सर्वांकडे पोचणे शक्य नसल्यास मुलांच्या जोड्या लावून हा प्रश्न त्यांनी एकमेकांस विचारावा.

(5) मूळ गोडी मावळणे. हा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना चित्रे काढण्याची मुळात हौस होती अशा तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल करण्यात आले. पुढे मोकळ्या वेळी ही मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना अकल्पितपणे प्रशस्तिपत्र मिळाले त्यांची हौस कमी झाली नाही. यावरून असे दिसते की, जेथे मुलांची गोडी आधीच आहे तेथे चिंचोका आणू नये. गोष्ट ऐकणे, गाणे, चित्रकला, शाळेच्या परसबागेतील काम, ही क्षेत्रे या योजनेतून वगळावीत. जेथे गोडी लागलेलीच नाही, जेथे मूल पहिले पाऊलच टाकीत नाही, तेवढ्यापुरताच हा आधार वापरावा.

आधार काढून घेणे

पांगुळगाडा हा चालावयास शिकेपर्यंतच उपयोगी पडतो. या योजनेस सुमारे सहा ते आठ आठवड्यांची मुदत असावी. पहिल्या पंधरवड्यात चिंचोके शिक्षकांनी द्यावेत. दुसऱ्या पंधरवड्यात मुलाने स्वतःच ठरवून घ्यावेत आणि का घेतले ते जोडीदारास सांगावे. त्यानंतर चिंचोक्यांच्या ऐवजी मुलाने वहीत रोज एक ओळ लिहावी: आज काय अडले आणि त्यासाठी काय केले. अखेरीस 'प्राणी मोठा झाला, आता तो आपला चारा आपण शोधतो' असे सांगून, लहानसा समारंभ करून, पुठ्ठे मुलांना घरी नेऊ द्यावेत. वहीतील ओळ मात्र चालू ठेवावी.

ग्रामीण मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नगरातील मुलास निगा राखण्याचा अनुभव खेळण्यातून घ्यावा लागतो. खेड्यातील पुष्कळ मुलांना तो घरच्या गोठ्यात मिळालेला असतो. शाळेत उत्तर देता न येणारी एखादी मुलगी पहाटे उठून शेळ्यांना पाला घालते, व्यालेल्या शेळीकडे लक्ष ठेवते, आजारी करडास बाजूस काढते. नियमितपणा, निरीक्षण, चुकल्यास पुन्हा करणे, हे गुण तिच्या अंगी आहेतच. ते अक्षरे व अंक यांच्याकडे अद्याप वळलेले नाहीत इतकेच. अशा मुलीस 'करडू एका दिवसात मोठे होत नाही, तसाच पाढाही एका दिवसात येत नाही' असे सांगितल्यास तिला ते पुस्तकातील कोणत्याही उपदेशापेक्षा लवकर पटेल. तिच्या या ज्ञानाचा वर्गात उल्लेख होणे, हाही तिच्या प्रयत्नास लाभलेला एक आधार ठरतो.

शिक्षकांनी या योजनेचे यश चिंचोक्यांच्या संख्येवरून ठरवू नये. आरंभी वर्गातील अशी चार-पाच मुले मनाशी नोंदवून ठेवावीत की, जी चुकल्यावर पाटी खाली ठेवतात. दोन महिन्यांनी, पुठ्ठे घरी गेल्यानंतर, त्याच मुलांकडे पाहावे. उत्तर चुकल्यावर त्यांपैकी कोणी पाटी पुसून पुन्हा लिहू लागले असेल, तर योजना सफल झाली. तसे झाले नसल्यास त्या मुलाची अडचण निराळी आहे असे समजावे. त्याच्या दृष्टीची व श्रवणाची तपासणी करवून घ्यावी, मागील इयत्तेचा कोणता भाग कच्चा राहिला आहे ते पाहावे, आणि घरी जाऊन पालकांशी बोलावे.